लढाई संपली, आता पगार वाटा

या, बसा. सतरंजी नको, टेबलच घ्या. सतरंजीवर कुणाचा तरी पाय वाटीला लागतोच. आज एक डाव मांडायचा आहे. साल १८१८, मुलूख भोर-वेल्ह्याचा डोंगरपट्टा, लढाई नुकतीच संपलेली. गडांवर शिबंदी बसून आहे, तिला दर हंगामाला पगार हवा, आणि खजिन्यात तेवढा पैसा नाही. लढून आलेली फौज राज्य सावरते की गादी उलटवते, हे अडीच तासांत टेबलावर दिसतं. गणपती मंडळ, वाचनालय, नववी-दहावीचा वर्ग, कुठेही जमतं. माणसं दहा लागतात. अकरावे तुम्ही, सूत्रधार.

सामान काढून ठेवा: २०० चिंचोके, शर्टाची ३२ बटणं, चार वाट्या, झाकणाचा एक डबा, एक छोटं कुलूप किल्लीसकट, मोठं कार्डशीट, मार्कर, पाच जुन्या लग्नपत्रिका, एक वही, घड्याळ.

आदल्या दिवशी

१. चिंचोके धुऊन वाळवा आणि दहा-दहाचे ढिगारे लावा. चिंचोक्यांऐवजी भुईमुगाच्या शेंगा अजिबात नको. मी पहिल्यांदा शेंगा घेतल्या होत्या. तिसऱ्या हंगामापर्यंत फडणीस अर्धा खजिना खाऊन बसला होता आणि टरफलांवरून हिशेब लावायची वेळ आली.

२. प्रत्येक बटणाच्या एका बाजूला मार्करने फुली मारा. फुली खाली म्हणजे शिपायाला पगार मिळाला, फुली वर म्हणजे थकला. साधा स्केचपेन चालत नाही, शाई बोटांना लागते आणि दुसऱ्या डावात कुणाचा पगार थकला तेच कळत नाही.

३. कार्डशीट आडवं ठेवा आणि वरच्या कडेला ‘उत्तर’ लिहा. हसू नका. हे न लिहिल्यामुळे रोहिडा वेल्ह्यात गेलेला मी पाहिला आहे.

४. खालच्या भागात नीरा नदीची रेघ ओढा आणि तिच्या काठावर भोर मांडा. भाटघरचं धरण काढायचा मोह होईल, आवरा. महामार्गही नको. आपण १८१८ मध्ये आहोत.

५. भोरच्या खाली, दक्षिणेला, रोहिडा काढा.

६. भोरच्या वर डावीकडे राजगड काढा. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या तीन बोटांसारख्या दाखवल्या की मुलं लगेच ओळखतात.

७. राजगडाच्या डावीकडे, किंचित वर, तोरणा काढा आणि दोघांमधली डोंगरधार ठिपक्यांनी जोडा. तोरण्याच्या पायथ्याला उत्तरेकडे वेल्हे लिहा.

८. उजव्या वरच्या बाजूला पुरंदर काढा. जाणकार टोकतील की १८१८ नंतर पुरंदर इंग्रजांकडे आणि बाकीचे तीन गड भोरच्या पंत सचिवांकडे होते. बरोबर आहे त्यांचं. डावात मात्र खजिना एकच ठेवायचा, नाहीतर दोन डबे लागतील आणि वेळ दुप्पट.

९. भोरला खेटून उत्रोळी लिहा आणि तिथे लाल ठिपका द्या. पुरंदरच्या राखणीचं काम पिढ्यान्‌पिढ्या रामोशी घराण्यांकडे होतं. ते दुसऱ्या बाजीरावाच्या काळातच सुटलं, आणि १८१८ नंतर उरलीसुरली गडशिबंदीही मोडली. त्या राखणदारांपैकीच एका घरातले उमाजी नाईक. त्यांनी रान धरलं. इंग्रजांनी मध्ये एकदा माफी देऊन नोकरीत घेतलं, तेही टिकलं नाही. डिसेंबर १८३१ मध्ये ते या उत्रोळीत पकडले गेले आणि ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात फाशी गेले. कुणी विचारलं तर एवढंच सांगा आणि पुढच्या पायरीवर चला. इथे रंगलात तर डाव राहील बाजूला आणि पोवाडा सुरू होईल.

१०. शीटच्या तळाला दोन मोठे चौकोन आखा: एकात ‘शेत’ लिहा, दुसऱ्यात ‘रान’. चौकोन लहान आखू नका. रानाचा तर नकोच. त्यात किती बटणं जातील याचा अंदाज पहिल्यांदा कुणालाच येत नाही.

११. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर खालचे पाच पत्ते लिहा. अक्षर मोठं काढा, टेबलाच्या पलीकडून वाचता आलं पाहिजे.

*इराक, मे २००३.* अमेरिकेच्या ताब्यात असताना एका हुकमाने अख्खं इराकी सैन्य बरखास्त झालं. लाखो हत्यारबंद माणसं बेकार झाली. डावात: कुठल्याही एका गडाची निम्मी बटणं याच हंगामात उचला.

*नेपाळ, २०१२.* संयुक्त राष्ट्रांनी पडताळलेले माओवादी लढवय्ये १९,६०२. शेवटी सैन्यात गेले सुमारे १,४००. बहुतेकांनी रोख रक्कम घेतली आणि घर गाठलं. डावात: या हंगामात बटण शेतात पाठवायला ३ ऐवजी २ चिंचोके पुरे.

*पाकिस्तान, १९५८.* ७ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष इस्कंदर मिर्झांनी लष्करी कायदा पुकारला आणि सेनापती अयूब खानांच्या हाती कारभार दिला. २७ ऑक्टोबरला अयूब खानांनी मिर्झांनाच घालवलं. डावात: या हंगामात कोणत्या गडाचा पगार आधी, हे सरनौबत ठरवेल.

*कोस्टा रिका, १ डिसेंबर १९४८.* यादवी युद्ध जिंकलेल्या होसे फिगेरेस यांनी सैन्यच मोडीत काढलं. राजधानीतल्या बेलाव्हिस्टा छावणीत आज राष्ट्रीय संग्रहालय आहे. डावात: एक गड मिटवा. त्याची बटणं पाटलाच्या हाताखाली गावराखणीला लावा. इथून पुढे त्यांच्या दोन बटणांमागे एकच चिंचोका.

*अवकाळी.* भात खाचरात आडवं झालं. डावात: या हंगामात पाटलाच्या वसुलीतून १० चिंचोके वजा.

डावाच्या दिवशी, माणसं बसण्याआधी

१२. प्रत्येक गडावर आठ-आठ बटणं ठेवा, फुली खाली. मोजून ठेवा. एक बटण कमी पडलं की पुढचा सगळा हिशेब चुकतो आणि खापर सूत्रधारावर फुटतं.

१३. डब्यात ४० चिंचोके टाका आणि कुलूप लावा. बाकीचे १६० तुमच्याकडे, पिशवीत.

१४. एका चिठ्ठीवर असं लिहा: ‘किल्ली तुझ्या हातात असेल, दोन गडांवर फुल्या वर असतील आणि त्या दोन्ही गडांच्या नाइकांनी तुझ्याशी हात मिळवला, तर किल्ली खिशात घाल. डाव संपला, गादी तुझी.’ घडी घालून तुमच्या खिशात ठेवा. ही चिठ्ठी कुणाला दिसली तर आज दुसरं काहीतरी खेळा.

माणसं बसल्यावर

१५. सोंगं वाटून द्या: एक कारभारी, एक फडणीस, एक सरनौबत, एक पाटील, चार गडांचे चार नाईक. उरलेले दोघे बाकावर, त्यांचं काम दुसऱ्या डावात. गावात निवृत्त जवान असतील तर त्यांना अवश्य बोलवा आणि नाईक करा. आधी समजावून सांगा मात्र, कारण नाईक आणि हवालदार हे हुद्दे फौजेत आजही आहेत. आमच्याकडे एक काका ‘मी सुभेदार म्हणून रिटायर झालोय, आता परत नाईक?’ म्हणून रुसून बसले होते. चहा दिल्यावर खेळले, आणि सगळ्यांपेक्षा चांगले खेळले.

१६. खिशातली चिठ्ठी सरनौबताला द्या. वाचताना त्याच्या चेहऱ्याकडे बाकीच्यांचं लक्ष जाणार नाही असं बघा. तेवढ्यात चहा आणा.

१७. डब्याची किल्ली सरनौबताच्या हातात ठेवा. सगळ्यांना दिसेल अशी.

१८. नियम एकदाच, मोठ्याने वाचा. डाव सहा हंगामांचा. गडावरच्या प्रत्येक बटणाला दर हंगामाला १ चिंचोका. शिपाई घरी पाठवायचा तर बैल-बियाण्याला ३ चिंचोके द्या, बटण शेतात जातं. शेतातली दोन बटणं पुढच्या हंगामापासून वसुलीत १ चिंचोका वाढवतात. रिकाम्या हाताने पाठवला तर बटण रानात. रानातलं प्रत्येक बटण दर हंगामाला वसुलीतला १ चिंचोका खातं. रानातला शिपाई परत आणायला माफी आणि नोकरी मिळून ५ चिंचोके. प्रश्न घेऊ नका. पहिल्या हंगामात सगळं आपोआप कळतं. आधी समजावत बसलात तर अर्धा तास तिथेच जातो.

एक हंगाम असा चालतो

१९. वरचा पत्ता उलटा आणि वाचा. पहिल्या हंगामात पत्ता नाही, तो सरळ जाऊ द्या.

२०. पाटलाला वसुली मोजून द्या आणि ती डब्यात टाकायला लावा: मूळ २०, शेताचं अधिक, रानाचं वजा. पाटील हळूच दोन चिंचोके मुठीत ठेवेल. मला आजवर एकही पाटील असा भेटला नाही ज्याने ठेवले नाहीत. पकडा, परत घ्या, पुढे चला.

२१. कारभाऱ्याला विचारा: ‘कोणाला घरी पाठवायचं?’ एका मिनिटात उत्तर हवं. पहिल्या हंगामात बहुतेक कारभारी म्हणतात, ‘कुणालाच नको, जिंकून आलेली माणसं आहेत.’ म्हणू द्या.

२२. घरी जाणारी बटणं शेतात किंवा रानात सरकवा. शेताचे चिंचोके आत्ताच डब्यातून काढून घ्या, नाहीतर फडणीस विसरतो.

२३. फडणिसाला पगाराचा एकूण आकडा मोठ्याने सांगायला लावा. वहीत लिहायलाही लावा.

२४. सरनौबताला डबा उघडू द्या आणि नाइकांच्या वाट्यांत पगार टाकू द्या. किती आणि कुणाला, यात तोंड घालू नका. इथे सूत्रधाराची जीभ वळवळते. चावून धरा.

२५. पगार न मिळालेली बटणं उलटी करा, फुली वर. ज्याची फुली आधीच वर होती आणि आजही पगार नाही, ते थेट रानात. पगार मिळाला तर फुली खाली.

२६. एक मिनिट सगळ्यांना उठून कानगोष्टी करू द्या. घड्याळ लावाच, नाहीतर नाईक बाहेर जाऊन वडापाव खाऊन येतात.

२७. सरनौबताकडे बघा. किल्ली खिशात गेली असेल तर चिठ्ठीतल्या अटी तपासा आणि डाव तिथेच थांबवा. नसेल तर पायरी १९ वर परत या. सहा हंगाम होईपर्यंत असंच.

आता एक हिशेब तुमच्या कानात सांगतो, टेबलावर बोलायचा नाही. पत्ते बाजूला ठेवून धरा की कारभाऱ्याने कुणालाच घरी पाठवलं नाही. पगार ३२, वसुली २०. पहिल्या हंगामाअखेर डब्यात २८ उरतात, दुसऱ्या अखेर १६, तिसऱ्या अखेर ४. चौथ्यात २४ जमतात आणि ३२ लागतात. आठ शिपाई उपाशी.

त्याने पहिल्याच हंगामात आठ जण रिकाम्या हाताने काढले तर? डब्यात ३६ उरतात, कारभारी खूश, टाळ्या. मग रान दर हंगामाला ८ खायला लागतं: २४, १२, ०, आणि पाचव्या हंगामात २४ लोकांना १२ चिंचोके. वाचवले २४ होते, तीन हंगामांत रानाने तेवढे खाल्ले.

तेच आठ जण २४ चिंचोके देऊन शेतात पाठवले तर डब्यात १२ च उरतात आणि सगळे कारभाऱ्याला उधळ्या म्हणतात. पुढच्या हंगामापासून मात्र वसुली २४ आणि पगारही २४. एखादी अवकाळी आली तरी डाव टिकतो. हा मार्ग पहिल्या डावात शोधणारा कारभारी मला एकदाच भेटला. सातवीतली मुलगी होती, घरची भातशेती.

चलाख सरनौबत दुसरंच करतो. पैसे असतानाही तो दोन गडांचा पगार अडकवतो, त्या नाइकांना कोपऱ्यात घेतो आणि सांगतो, ‘कारभारी देऊच देत नाही, मी काय करू?’ एका खेपेला असं झालं तेव्हा रोहिड्याचा नाईक इतका चिडला की त्याने कारभाऱ्याच्या पुढ्यातला चहासुद्धा उचलून नेला. त्या डावात गादी तिसऱ्याच हंगामात उलटली आणि डब्यात तेव्हा अकरा चिंचोके शिल्लक होते. थांबवू नका. तो नियमात बसूनच खेळतोय.

दुसरा डाव

२८. बटणं, डबा, पत्ते पुन्हा पहिल्यासारखे मांडा. वाट्यांतले चिंचोके पिशवीत परत घ्या. नाईक म्हणतील ‘आमची कमाई आहे’, तरी घ्या.

२९. किल्ली सरनौबताकडून काढा आणि बाकावरच्या एकाला द्या. तो हवालदार.

३०. फडणिसाच्या हातात फक्त हजेरीची वही ठेवा. तो आता सबनीस. कोण गडावर आहे, कोण नाही, हे त्यानेच सांगायचं.

३१. डबा बाकावरच्या दुसऱ्याला द्या. तो कारखानीस. शिवाजी महाराजांच्या गडांवर किल्ल्या, हजेरी आणि कोठार असेच तीन वेगळ्या माणसांकडे असत. आपण ती वाटणी जशीच्या तशी टेबलावर घेतोय. तिघांना शेजारी बसवू नका, एकमेकांच्या खिशात हात घालतात.

३२. चिठ्ठी सरनौबताकडेच राहू द्या. आता त्याला दोन नाईक तर हवेतच, शिवाय हवालदार, सबनीस आणि कारखानीस हे तिघेही फोडावे लागतील. त्याचा चेहरा पडेल. तीन नव्या माणसांशी गोड बोलायला लागला की समजा, खेळ कळला.

३३. पायऱ्या १९ ते २३ तशाच चालवा.

३४. पायरी २४ बदला: तिघेही ‘हो’ म्हणाले तरच डबा उघडेल, आणि त्यासाठी तीनच मिनिटं. वेळ संपली तर त्या हंगामात कुणालाच पगार नाही. इथे घोळ होणार हे गृहीत धरा. तीन माणसांना ‘हो’ म्हणवून घेणं म्हणजे लग्नाच्या याद्या करण्यापेक्षा अवघड काम. पहिल्या हंगामात वेळ हमखास संपते, बत्तीसच्या बत्तीस फुल्या वर येतात आणि नाईक आरडाओरडा करतात. धीर धरा. दुसऱ्या हंगामात मिनिटभरात ‘हो’ होतं, कारण सगळी शिबंदी एकदम रानात जायच्या बेतात असते.

३५. दर दोन हंगामांनी त्या तिघांना एकेक खुर्ची सरकवा, म्हणजे किल्ली, वही आणि डबा नव्या हातात जातील. सरनौबताने एखाद्याला फोडलं असेल तर ते नेमकं इथे वाया जातं. तो तक्रार करेल की ‘आत्ता कुठे ओळख झाली होती.’ खुर्च्या सरकवा.

३६. पायऱ्या २५ ते २७ चालवून सहा हंगाम पुरे करा.

डाव मोडताना

३७. दोन्ही डावांचे तीन आकडे वहीत शेजारी लिहा: रानात किती बटणं, शेतात किती, डब्यात किती चिंचोके. रान आधी मोजा. डबा आधी उघडलात तर सगळे त्याच्याकडेच बघत बसतात.

३८. पहिल्यांदा पुरंदरच्या नाइकाला बोलायला सांगा. मग बाकीचे नाईक, मग पाटील. कारभारी आणि सरनौबत सगळ्यांत शेवटी. हा क्रम मोडू नका. कारभारी आधी बोलला की नाईक मान डोलावतात आणि घरी जाऊन खरं काय ते बायकोला सांगतात.

३९. दोन्ही डावांतला सरनौबत एकच असेल तर त्याला एवढंच विचारा: ‘पहिल्या डावात किल्ली खिशात घालावीशी कधी वाटली?’ उत्तर मिळालं की वही बंद करा. इथे भाषणाची फार ऊर्मी येते, विशेषतः कुणी पाहुणे आले असतील तर. पाहुण्यांना चहा द्या, माईक नको.

४०. पुढच्या रविवारी जमलं तर सगळ्यांना पाली दरवाजाने राजगडावर न्या. दरवाजाच्या आत पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत. तिथे दहा मिनिटं गप्प बसा. चारही नाइकांना एका देवडीत बसवून बघा, किती दाटी होते ती. पाणी आणि टोपी प्रत्येकाची स्वतःची.

४१. चिंचोके मोजून पिशवीत भरा. आठ-दहा कमी भरतील. पाटलाचा खिसा तपासा.

४२. कुणीही टेबलावरून उठण्याआधी किल्ली परत घ्या. आमची एकदा हवालदाराच्या खिशातून नसरापूरला गेली, आणि डब्याचं कुलूप शेवटी हातोडीने तोडावं लागलं. आता मी दोन किल्ल्यांचं कुलूप आणतो. तुम्हीही तसंच आणा.